बापूनं तोडलेली नस

बापू, परवाच्या शोकसभेत तुला मितभाषी म्हणाले.

अध्यक्ष म्हणून बसवलेल्या वकीलसाहेबांनी चष्मा पुसला, आवाज जड केला आणि म्हणाले, 'डॉक्टरांचा स्वभाव मितभाषी होता.' मला हसू आवरेना. भूल चढेपर्यंत पेशंटला त्याच्या म्हशीची वेतं विचारणारा तू, टाके घालताना कालच्या कुस्तीचा निकाल सगळ्या खोलीला ऐकवणारा तू, आणि मितभाषी! इंदूनं, माझ्या बायकोनं, शेजारून कोपरानं ढोसलं. लोक बघतायत, असं तिनं डोळ्यांनीच दटावलं, आणि मग तिचाच पदर तोंडाला गेला. हसण्यासाठी की रडण्यासाठी, ते मी विचारलं नाही.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. उभा राहिलो. 'बापू आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो,' एवढं म्हणालो आणि पुढं काही सुचेना, म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांचा कंठ दाटला. खरं कारण ते नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं होतं आणि तू तर फोटोत बसला होतास. तोही कसला फोटो रे, बापू. टाय लावलेला. ओळखू येईनास.

तेव्हा आता घरी बसून लिहितोय. तू काय करायचं ते कर.

मुंबईहून सर्जरी शिकून तू परत आलास तेव्हा संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. जो तो आता आपलं काय, या काळजीत होता. तू मात्र शाहूपुरीत जागा घेतलीस, चार खाटा टाकल्यास, एक स्टोव्ह आणि सुया उकळायचं एक पातेलं मांडलंस आणि मला म्हणालास, 'ह्या गावात सर्जन उपाशी मरायचा न्हाय मास्तर. एवढं तिखट खात्यात लोक, निम्म्या गावाच्या पोटात अल्सर हाय.' मी नुकताच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागलो होतो. तिखटानं अल्सर होतो हे सिद्ध कुणी केलं, असं मी विचारलं. 'तू पेशंट न्हाईस म्हणून इचारतोस,' असं तू म्हणालास. आपलं भांडण असं त्या दिवशी सुरू झालं ते तू जाईपर्यंत संपलं नाही.

तेव्हा तुझ्या मानगुटीवर एका नव्या ऑपरेशनचं भूत बसलं होतं. व्हेगस नावाची एक नस, खरं तर नसांची जोडी, मेंदूच्या बुडातून निघते, गळ्यातून, छातीतून खाली उतरते आणि पोटातल्या बहुतेक इंद्रियांना फांद्या देत जाते. जठरात आम्ल सोडायचा हुकूम तिच्यातून येतो. ती जठराच्या वर, आत शिरतानाच तोडली की आम्ल कमी होतं आणि अल्सर भरून येतो. मुंबईला मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली तू हे पाहून आला होतास. तू तिला नस म्हणायचासच नाही, तार म्हणायचास. 'तार तोडायची. वरचा सायब खाली हुकूम सोडायचा बंद. पोटाला सुट्टी.'

मला ते खपायचं नाही. मी म्हणायचो, 'अरे, त्या नसेला दहा फांद्या आहेत. त्यातली एक यकृताकडे जाते. वरूनच तोडलीस तर तिचंही काम बंद पडतं. ती तिथं काय करते, तुला ठाऊक आहे का?' तू म्हणायचास, 'तुला ठाऊक हाय?' मला नव्हतं. तेव्हा फारसं कुणालाच नव्हतं. मग तू जिंकल्यासारखा सुपारी कातरायला घ्यायचास.

एका दुपारी इंदू भाकऱ्या थापता थापता उठली आणि मोरीत जाऊन रक्त ओकली. टांग्यातून तुझ्याकडे आणेपर्यंत तिचे ओठ पांढरे पडले होते. तू मला बाहेर ढकललंस. आतून तुझं बोलणं ऐकू येत नव्हतं, त्यावरून मला कळलं की प्रकरण अवघड आहे. तू रक्त थांबवलंस, पुन्हा होऊ नये म्हणून ती नसही तोडलीस, आणि सहा महिन्यांत माझी बायको लसणीचा ठेचा खायला लागली. तू तिला वाचवलंस, बापू. हे वाक्य इथं सरळ लिहून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्याच्या गडबडीत ते कायमचं राहून गेलं.

पुढं चार-पाच वर्षांनी तिच्या छातीखाली, जरा डावीकडे, काहीतरी जड लागायला लागलं. तिला वाटलं, जेवण अंगी लागतंय. तू हात लावलास, एक्स-रे काढायला लावलास आणि फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिलास. यकृतात पाण्यानं भरलेली गाठ होती. गडहिंग्लजला तिच्या माहेरी धनगरांचे कळप उतरायचे, त्यांची कुत्री हिच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, परसात लोळायची आणि ही लहानपणी त्यांच्या गळ्यात पडून खेळायची. कुत्र्याच्या पोटातल्या बारीक जंताची अंडी अशी माणसाच्या पोटात जातात आणि वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते. फुटली तर जीवावर बेततं.

'नुसतं पाणी उपसून भागायचं न्हाय,' तू म्हणालास. 'यकृताचा डावा भाग त्या गाठीनं खाल्लाय सगळा. तो काढाय पायजे. उजव्यातलाबी थोडा जाईल.'

'एवढं कापल्यावर उरतं काय?'

'उरतं त्ये वाढतं की. यकृतासारखं दुसरं इंद्रिय न्हाय मास्तर. कापलेला तुकडा परत फुटत न्हाय, पर जे मागं राहतं ते फुगून सगळ्याचं काम अंगावर घेतं.'

मी मास्तर माणूस. मी म्हणालो, 'आणि पुरेसं वाढल्यावर थांबतं. वाढ आणि थांब हे त्याला सांगतं कोण?'

शपथेवर सांगतो, हे विचारताना माझ्या मनात काही नव्हतं. वर्गात विचारतो तसं विचारलं. पण तुझ्या हातातला फोटो खाली आला आणि तू माझ्याकडे बघितलंस, तेव्हा मला कळलं मी काय विचारून बसलो. सांगणारी ती यकृताकडे जाणारी नसच असेल, तर इंदूच्या पोटात ती नव्हतीच. ती तूच तोडली होतीस.

तू फोटो पाकिटात घातलास. मग तू म्हणालास, 'वहिनींना ह्यातलं काय बोलू नगोस.' मी मान हलवली.

त्या संध्याकाळी आपण गंगावेशीत दूध प्यायला गेलो. म्हैस समोर, तिच्या धारेचा फेस पेल्यात, आणि आपण दोघं त्या फेसाकडे बघत उभे. तू तुझी बाजू मांडत होतास. यकृताला रक्त मिळालं की बस्स, त्याला मेंदूच्या हुकमाची गरज नाही. असलाच निरोप तर तो रक्तातून येतो, नसेतून नाही. मी म्हणत होतो, शरीरात एवढी मोठी दुरुस्ती चाललेली असताना मेंदूला तिचा पत्ता नसेल हे मला पटत नाही. घाबरलेल्या माणसाच्या जखमा उशिरा भरतात, हे तूच मला शंभरदा सांगितलंयस. ते कशातून होतं? तू म्हणालास, 'त्ये येगळं.' मी म्हणालो, 'वेगळं कसं?' गवळी वैतागून म्हणाला, 'पावणं, दूध प्या आधी, मग भांडा. म्हस बिचकाय लागलीया.'

पेला ठेवून तू एकदम म्हणालास, 'उंदीर आण.'

पांढरे उंदीर आपल्याकडे कुठले! गुळाच्या वखारीतले आणले. पिंजऱ्यात सापडलेले ते उंदीर म्हणजे काय थाट, गूळ खाऊन खाऊन एकेकाची मान दिसेना. कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत मी त्यांची सोय केली. आधी आठवडाभर त्यांना गुळावरून भिजवलेल्या हरभऱ्यावर आणलं, म्हणजे सगळे एका पातळीवर येतील. मग रोज दुपारी दवाखाना आवरून तू यायचास.

बापू, मी तुला माणसं कापताना कधी पाहिलं नाही, पण उंदीर कापताना पाहिलंय. बोटभर लांबीचं ते पोट तू ज्या निगुतीनं उघडायचास! यकृताच्या पाकळ्या अलगद बाहेर घ्यायच्या, बुडाशी रेशमाचा दोरा बांधायचा आणि कापायचं. तेही बडबड न करता. मोठमोठ्या पैलवानांना टाके घालताना चऱ्हाट वळणारा माणूस उंदरापुढं गप्प. भुलेचं ईथर कापसावर धरून मी शेजारी उभा असायचो आणि मला वाटायचं, याच्यापुढं आपली बायको टेबलावर असणार आहे, तर बरंच आहे.

मांडणी साधी होती. यकृताचा मोठा भाग सगळ्यांचाच काढायचा. त्यातल्या निम्म्यांची व्हेगसही तोडायची, निम्म्यांची तशीच ठेवायची. नस शाबूत असलेले उजव्या फळीवर, तोडलेले डाव्या फळीवर. खाणं सगळ्यांना सारखं, मोजून हरभरे आणि पाणी. ठरलेल्या दिवसांनी बघायचं, कुणाचं यकृत किती भरलं. डावीकडची मागं पडली, तर इंदूचं ऑपरेशन करताना काढायचा भाग कमीत कमी ठेवायचा, गाठ थोडी मागं राहिली तरी चालेल. बरोबरीनं वाढली, तर बिनधास्त सगळं काढायचं. तिचं पोट उघडल्यावर तुझा हात किती पुढं जायचा, हे त्या उंदरांवर ठरणार होतं.

एवढ्याशा यकृताचं वजन करायला काटा हवा, म्हणून मी गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराचा तराजू मागून आणला. काय तोलणार आहात, असं त्यानं विचारलं. 'आहे एक जिन्नस,' म्हणालो. परत करताना तीनदा धुऊन दिला.

आणि मग त्या मुंग्या.

सकाळी खोली उघडली तर भिंतीवरून मुंग्यांची रांग लागलेली. डाव्या फळीकडे. उजवीकडे एकही नाही. मी पिंजरे उचलून पाहिले, भुशाखाली गुळाचे खडे. नस तोडलेल्या प्रत्येक उंदराच्या पिंजऱ्यात गूळ, आणि उजवीकडचे बिचारे हरभरे चावत बसलेले. माझ्या डोक्यात सणक गेली. दुपारी तू आलास तेव्हा मी दारातच उभा होतो.

'गूळ कुणी घातला यांना?'

तू चप्पल काढत होतास. ती भिंतीशी नीट लावलीस. मग म्हणालास, 'मी.'

'का?'

'पेशंट हायत माझे. नस तोडलीया. जीव खाली-वर हुतोय त्यांचा.'

'उजवीकडचे पेशंट नाहीत?'

तू हात धुवायला वळलास. मी तराजू पुढं ओढला. जे तोलायचं होतं ते आपण तरीही तोललं. डावीकडची यकृतं उजवीकडच्यांना तोडीस तोड भरली, एक-दोन जास्तच. पण ती फिकी होती, बोटाला बुळबुळीत लागत होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जिकडे तिकडे चरबीचे थेंब. वजन नव्या यकृताचं किती आणि गुळाच्या चरबीचं किती, ते सोनाराच्या काट्याला सांगता येणार नव्हतं. सगळी मेहनत मातीत.

मी वाटेल ते बोललो. पुरावा नासवलास म्हणालो. माझ्या बायकोच्या जीवाशी खेळतोयस म्हणालो. तू ऐकून घेतलंस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याशी वाद घातला नाहीस, आणि त्यावरून मी माझ्यापुरता अर्थ लावून मोकळा झालो. मला वाटलं, याला खरं काय ते कळायलाच नको आहे. आपण तोडलेल्या नसेनं काही बिघडलं नाही असं सिद्ध व्हावं म्हणून यानं डाव्या फळीला गूळ चारला. राग आला होता, तरी त्यातही तुझी कीव आली. मनात म्हटलं, माणूस आहे, ओझं पेलवत नाही. पण तोंडानं ते मी बोललो नाही आणि तूही काही उलगडा केला नाहीस.

पुन्हा पहिल्यापासून करायला सवड नव्हती. इंदूला कळा येत होत्या, रोज संध्याकाळी अंग तापत होतं. ऑपरेशन ठरलं.

तो सगळा दिवस मी तुझ्या दवाखान्याच्या बाकावर काढला. तिची अव्वा गडहिंग्लजहून एसटीनं आली होती. कपाळाला भस्म लावलेली ती म्हातारी माझ्या शेजारी बसून सारखं एकच विचारत होती, 'माझ्या पोरीला सोडवंल न्हवं ह्यो डाक्टर?' मी सोडवेल म्हणत होतो. आणि मनात, बापू, मनात त्या वेळी मी तुझ्यावर नाही नाही ते आरोप करत होतो. ती नस त्या वेळी तोडली नसतीस तर, एवढं एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. तोडली नसतीस तर इंदू आज या टेबलावर जायला उरलीच नसती, हे मला दिसत होतं, तरीही फिरत होतं.

तू बाहेर आलास. घामानं भिजला होतास. 'काढला सगळा डावा,' म्हणालास. 'गाठ अख्खी निघाली.' म्हणजे तू हात मागं घेतला नव्हतास.

पुढचे दिवस फार अवघड गेले. तिचे डोळे पिवळे झाले. बोलता बोलता ती झोपेत जायची, काहीतरी कानडीत पुटपुटायची. उरलेला तुकडा काम उचलतोय की नाही, हे बाहेरून कळायला काहीच मार्ग नव्हता. वाट बघायची. तू घरी गेला नाहीस. बाहेरचे पेशंट संपवून तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसायचास, ग्लुकोजची बाटली बघायचास, नाडी बघायचास, पुन्हा बाटली बघायचास. मी आलो की उठून जायचास. आपण एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो.

मग एका सकाळी ती डोळे उघडून स्वच्छ आवाजात म्हणाली, 'ताक हाय का? आंबट नगो.' अव्वानं तिथंच देवाला हात जोडले. डोळ्यांतला पिवळेपणा हळूहळू उतरला. महिन्याभरात ती घरी आली. आज ती आमच्या सोप्यात उभी राहून मोलकरणीशी वाद घालते, तेव्हा कुणाला खरं वाटणार नाही की हिचं निम्मं यकृत एकदा बादलीत पडलं होतं.

नसेवाचून यकृत वाढलं, म्हणून नस लागत नाही? की आणखी लवकर वाढलं असतं, नस असती तर? की त्या पिवळ्या दिवसांचं कारणच नस नसणं हे होतं? मला अजून माहीत नाही. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, असं मी म्हटलं असतं, आणि तू म्हणाला असतास, 'जगली न्हवं? मग सिद्ध कशाला कराय पायजे?' पण आपण हा वाद घातलाच नाही. नेहरूंवर घातला, संयुक्त महाराष्ट्रावर घातला, तांबड्या रश्श्यात खोबरं किती असावं यावर तर तासन्‌तास घातला. फक्त या एका गोष्टीभोवतून दोघंही वळसा घालून जायचो.

दर रविवारी तू जेवायला यायचास. जेवण झालं की इंदूला आडवं व्हायला लावायचास, तिच्या फासळ्यांखाली बोटं ठेवून डोळे मिटायचास. 'श्वास घ्या वहिनी. सोडा.' मग डोळे उघडून म्हणायचास, 'झकास हाय.' हे म्हणताना तू तिच्याकडे कधीच बघितलं नाहीस. माझ्याकडे बघायचास. मला वाटायचं, मिरवतोय. बघ मास्तर, कसं वाढलंय, असं म्हणतोय. मी हसून दुसरा विषय काढायचो.

तू गेलास त्या दिवशी सकाळी तुझ्या कंपाउंडरनं निरोप आणला. पेशंट तपासता तपासता खुर्चीतच गेलास म्हणे, समोरचा पेशंट जीभ बाहेर काढून बसलेला. तू ऐकलं असतंस तर पोट धरून हसला असतास. मी धावत आलो तेव्हा तुझ्या गळ्यात स्टेथोस्कोप तसाच होता. मी तो काढला. बाकी काही करायचं ठेवलंच नव्हतंस तू.

शोकसभेहून आल्यावर इंदू स्वयंपाकघरात गेली, पण चूल पेटवली नाही. पाटावर बसून राहिली. मी पाणी प्यायला आत गेलो तर म्हणाली, 'तुमाला एक सांगायचं हाय. भावजींनी सांगू नगा म्हणलंतं. आता ते न्हाईत.'

'काय?'

'ऑपरेशनच्या आधी त्यांनी मला समदं सांगितलंतं. ती नस आधीच तोडलीया, यकृताला लागती का न्हाय कुणाला म्हाईत न्हाय, तुमी दोघं उंदरं कापत बसलाय. मिरजेला जावा म्हणत हुते. तिथं मोठे डाक्टर हायत, मी सोबत येतो, पर हात त्यांचा असूंदे म्हणत हुते.'

मी हातातला तांब्या खाली ठेवला. 'मग तू काय म्हणालीस?'

'मी म्हणलं, मिरजेच्या डाक्टरला माझ्या पोटातली वाट म्हाईत न्हाय. तुमी एकदा जाऊन आलाय.'

हे सांगताना ती जराशी हसली. मग म्हणाली, 'आणि गुळावरनं त्यांना बोलू नगा मनात. त्यो गूळ माझ्या डब्यातला.'

'म्हणजे?'

'मीच दिला. मी इचारलं, माझ्यावाणी नस तुटलेली किती हायत? त्यांनी सांगितलं. मग म्हणलं, त्यास्नी गूळ घाला. एवढं कापल्यावर हरभरं कसं चावायचं वो त्यांनी? ते न्हाय न्हाय म्हणत हुते. प्रयोग नासंल, मास्तर फाडून खाईल म्हणत हुते. मी रडले. तवा नेला.'

बापू, मी पाट ओढून तिच्यासमोर बसलो. इतकी वर्षं मी तुझी कीव करत होतो. माझ्या बायकोनं आपल्यासारख्या कापल्या गेलेल्या उंदरांसाठी गूळ दिला. तो नेला तर आपला प्रयोग बुडणार आणि मित्र तोंडावर थुंकणार, हे ठाऊक असून तू तो नेलास. टेबलावर जायच्या आधी तिचं मन शांत राहावं, म्हणून नेलास. मी दारात उभा राहून ओरडलो तेव्हा 'वहिनींनी दिला' एवढे दोनच शब्द तुला बोलायचे होते. तू म्हणालास, 'मी.' आणि गंगावेशीत उभा राहून मन आणि यकृत यांचा काही संबंध नाही असं मलाच पटवत होतास, लबाडा.

मला वाटलं, संपलं. पण इंदू उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

'दर ऐतवारी तुमी हात धुवाय गेला की मला एकच इचारायचे,' ती म्हणाली. 'मास्तर मला दोष देतो का वो वहिनी?'

'आणि तू?'

'मी काय सांगू? मी म्हणायची, त्यांनाच इचारा की. तर म्हणायचे, आणि व्हय म्हणाला तर?'

तेव्हा आता सांगतो, नीट ऐक. दोष दिला, बापू. खोटं कशाला बोलू. त्या बाकावर बसून दिला. तिचे डोळे पिवळे होते तोवर रोज दिला, तू स्टुलावर बसलेला दिसलास तरी दिला. तिनं ताक मागितलं त्या सकाळी तो संपला. त्यानंतर एक दिवस नाही, एक रविवार नाही. तू तिच्या पोटावर बोटं ठेवून माझ्याकडे बघायचास, तेव्हा माझ्या मनात तुझ्याबद्दल माया सोडून दुसरं काही नसायचं. ती तुला दिसली नाही, कारण मी विषय बदलायचो.

अख्ख्या जिल्ह्याची पोटं न घाबरता उघडून बघितलीस. मला एकदा विचारून तरी बघायचंस की रे.